सासरे हयात आहेत, कृपया नोंद घ्यावी

कॉम्प्युटरला मी अजिबात घाबरत नाही! मी घाबरतो ते फक्त सासऱ्यांना. बाबा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीच्या कडेवर बसतो, आणि शाबासकी म्हणाल तर एकदाही नाही. म्हणून ग्रंथालयात 'गावाचा इतिहास वेबसाइटवर आणूया' असा मेळावा भरला, तेव्हा मी छातीठोकपणे नाव दिलं. जुन्या फोटोंतल्या माणसांची माहिती भरायची होती. त्यात बाबाही होते. म्हटलं, त्यांचं पान असं सजवतो की बघतच राहतील!

वेबसाइट सांभाळणारी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "माहिती असेल तेवढीच भरा, काका. नसेल तर रकाना रिकामा सोडा."

रिकामा? अहो, मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून! आमच्याकडे रिकामा रकाना दिसला की अर्ज परत! आणि इथे तर एक अख्खा रकाना ओस पडलेला. फक्त पहिल्या ओळीत यंदाचं साल. मी ऐटीत त्या सालाचा कोपरा माउसने धरला, सर्रकन तळापर्यंत ओढला, तेच साल सगळ्या ओळींत भरलं आणि 'जतन करा' दाबलं.

"बघा, याला म्हणतात वेग!" मी शेजारच्या शिंपीकाकांना म्हणालो.

काकांनी चष्मा सारखा केला. "वर 'मृत्यूचं साल' लिहिलंय हो."

पहिल्या ओळीतले बँडमास्तर खरोखरच यंदा वारले होते. बाकीच्यांना मी मारलं होतं! त्यात ही वेबसाइट भलतीच तत्पर. माणूस गेला की फोटोला काळी चौकट घालते, खाली श्रद्धांजली लिहायला जागा करते आणि सगळ्या सभासदांना आपणहून कळवते, तेही माहिती भरणाऱ्याच्या नावासकट.

"अगं, मागे फिरव ना सगळं!" मी इंजिनिअर मुलीला म्हणालो.

"कशी फिरवू? सगळं गाव एकदम साइटवर आलंय. श्रद्धांजल्या जाताहेत, पण मागे फिरवायचं बटण जाम झालंय!"

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, मावशी हंबरडा फोडून रडतेय! बाबा गेले म्हणे! आणि बाबा इथे माझ्यासमोर बसून नखं कापताहेत!"

"त्यांना... त्यांना कळलं?"

"कळलं! कोणी केलं तेही कळलं. तिकडेच निघालेत!"

मागच्या दाराला कुलूप होतं. खिडकीला गज होते. कपाटामागे लपावं, तर तिथे शिंपीकाका आधीच उभे. तेही बाबांचे विद्यार्थी!

बाबा आले. सगळी खोली आपोआप उठून उभी राहिली. ते माझ्या खुर्चीत बसले आणि स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचू लागले. डॉक्टरांनी लिहिलं होतं, न्हाव्याने लिहिलं होतं, तीनदा नापास केलेल्या ठेकेदारानेसुद्धा गहिवरून लिहिलं होतं. बाबांनी हळूच नाक पुसलं. मग मान वळवली.

"जावईबापू, सगळ्या गावाने लिहिलं. तुमची एक ओळ नाही?"

"बाबा, पण तुम्ही तर..."

"लिहा!"

मी लिहिलं. "दुःख दिसत नाही," बाबा म्हणाले. पुन्हा लिहिलं. "हे तर रजेच्या अर्जासारखं झालं!" घाबरून मला खरोखरच रडू फुटलं. त्या रडण्याच्या भरात काय लिहीत गेलो कोण जाणे, पण बाबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाबास. पहिल्यांदाच काहीतरी जमलं तुम्हाला."

बारशालासुद्धा मी इतका कौतुकाचा धनी झालो नसेन! आणि नेमकी तेव्हाच इंजिनिअर मुलगी ओरडली, "झालं! सगळं पुसलं! बँडमास्तर सोडून सगळे जिवंत!"

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावरची काळी चौकट गेली, श्रद्धांजल्या गेल्या, माझीही गेली.

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी शांतपणे खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"हं, बसा. पुन्हा लिहा."