सदाशिवरावांचा कडक चहा

"मातीच्याच मडक्यात उकळजो बाई, लोखंडाले लावजो नोको!"

तांड्यावरची मानीबाई पोटाच्या काढ्यासाठी झाडपाला देताना मला बजावून गेली होती. शतावरी, ज्येष्ठमध आणि आवळकाठी, म्हणजे वाळवलेला आवळा. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. आमच्या यांच्या गुडघ्यांसाठी आर्णीच्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. गुडघे वळायला लागले, पण पोटात भट्टी पेटली! गोळी सोडवेना, आग सोसवेना. मी मनाशी म्हटलं, इतके उपासतापास सांभाळणारी मी, मला एक पोट सांभाळता येणार नाही होय?

अडचण एकच. देवाला दाखवल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही. त्यात चातुर्मास, आणि घरातल्या एकुलत्या एका मडक्यात आखाडात लसणाची आमटी शिजलेली! मातीत मुरलेला लसूण घासून जातो थोडाच? लोखंडी कढई मात्र राखेनं घासली की सोवळी. काढा कढईत चढवला. उतरला तो अमावास्या लाजेल इतका काळा! "छान मुरला," मी म्हटलं.

हे, म्हणजे सदाशिवराव, झाडपाल्याचं नाव काढलं की उठून जातात. म्हणून काढा मी सकाळच्या कोऱ्या चहात मिसळला. खोटं नाही हो बोलले. त्यांनी विचारलंच नाही! उलट मिशा पुसत म्हणाले, "आता कुठं चहा जमला तुले! कडक!"

पाच दिवस आग शांत. सहाव्या सकाळी हे परसाकडून परतले ते लोटा तिकडंच विसरून. चेहरा चुन्यासारखा.

"अवं... काळं!"

"काय काळं?"

"डांबर! सडकीवरचं डांबर!"

माझ्या हातातली फुलं गळाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, या गोळीनं कुणाच्या पोटात जखम होते, रक्त उतरतं, ते काळं दिसतं. दिसलं की धावत या, उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही. आणि मी तर त्यावर आणखी कढईभर पाजलं होतं! कपाळावरचं कुंकू मला जड वाटायला लागलं.

मानीबाईचा नवरा धावजी बंडी जुंपून आला. "हलू नोका दादा, आतडं फाटन!" त्यानं आपल्या परीनं धीर दिला. हे आडवे पडून कोणत्या बैलाला किती ढेप घालायची ते सांगू लागले. निरवानिरवच ती! मी डोळे मिटले. टेकडीवरच्या देवीला नवस बोलायचा, पण बोलू काय? सोमवार महादेवाचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्याचा, मंगळवार-शुक्रवार तर तिचेच. द्यायला माझ्याजवळ उपासाचा वारच उरला नव्हता! घाबरून बोलून गेले, "आई, यांना वाचव, हे स्वतः तुझ्या दर्शनाला पायी येतील!"

आर्णीला पोचताच डॉक्टरांनी पोट दाबलं, पापण्या ओढून पाहिल्या. "काय काय खाल्लं?"

"काहीच नाही," हे कण्हले. "चहा तेवढा. लय चांगला असते आमच्या घरचा."

मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला बाई!"

माझा आवाज आजवर देवघराबाहेर गेला नव्हता. त्या दिवशी बाकावरचे सगळे रोगी वळले. "मी पाजलं! पाच दिवस, चहातून! आवळकाठी न् शतावरी, कढईत उकळून!"

यांनी कण्हणं थांबवलं.

"कढई लोखंडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"अहो, आवळ्याला लोखंड लागलं की शाई होते! पाच दिवस नवऱ्याला शाई पाजली तुम्ही! तरी दोन दिवस काढा बंद. रंग बदलला नाही तर ताबडतोब परत आणा."

ते दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही. तसेही दोन्ही उपासाचेच होते. तिसऱ्या सकाळी हे लोटा घेऊन सावकाश आले.

"पिवळं," एवढंच म्हणाले.

मी देवापुढं साखर ठेवली, मग भीत भीत नवसाचं सांगितलं.

"चालणार कोण?"

"...तुम्ही."

"या गुडघ्यानं? दीड कोस? अन् वर टेकडी?"

"माझा वारच नव्हता हो शिल्लक!"

 यांनी भाकरी खाल्ली, वर एक पांढरी गोळी घेतली, काठी उचलली आणि अनवाणी उंबरा ओलांडला.

मी मागून निघाले. काखेत काढा होता, नव्या कोऱ्या मडक्यातला.