चोच खरी, नाव खरं, झाड खरं

एका जंगलात त्या दिवशी सकाळी छान ऊन पडलं होतं. दुपारी आभाळ भरून आलं. आणि तिसऱ्या प्रहरी गारा पडल्या, चांगल्या बोराएवढ्या. माकडं एकमेकांच्या कुशीत शिरली. हत्तीसुद्धा झाडाखाली जाऊन उभा राहिला, बरं का मुलांनो. आणि हत्तीला कशाचं भय?

तसल्या गारांत एक जण तेवढा उडत आला. त्याचं नाव भिकू. तो धनेश होता. धनेश म्हणजे मोठ्या बाकदार चोचीचा पक्षी. भिकूच्या चोचीत एक पिकलं उंबर होतं. ते त्यानं सातविणीच्या फांदीवर यमूपुढं ठेवलं. तेवढ्यात एक गार टणकन् बसली आणि त्याच्या चोचीच्या टोकाचा टवका उडाला.

"लागलं का?" यमूनं विचारलं.

"थोडं," भिकू म्हणाला. "उंबर खा. गोड आहे." आणि गेला.

यमू ही लग्नाची धनेशीण. तिची म्हातारी मावशी शेजारीच अंग चोरून बसली होती. ती म्हणाली, "यमे, हा बघ की गं. चांगला आहे."

"गारांत बाहेर पडतो तो शहाणा कसा, मावशी? आणि त्याची खात्री कुणी दिलीय?"

आता तुम्हाला वाटेल, एवढी खात्री कशाला पाहिजे हिला. तर ऐका. धनेशांची रीत निराळी असते. लग्न झालं की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. दोघं मिळून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून टाकतात. एक चीर तेवढी ठेवतात. आत तिची पिसं गळून पडतात, म्हणजे उडायची सोय नाही. मग तीन महिने नवऱ्यानं त्या चिरेतून घास द्यायचा. तो आला तर ती जगली, पिल्लं जगली. नाही आला तर संपलं.

म्हणून जुन्या धनेशांनी एक नियम घातला होता. ढोलीत जायच्या आधी महिनाभर त्यानं रोज उंबर आणून द्यायचं, चारचौघांदेखत. मावशी सांगायची, "ज्या दिवशी कुणालाही घराबाहेर पडू नये वाटतं, त्या दिवशी तो येतो का, तेवढं बघायचं. बाकी काही बघू नये."

पण महिना कुणाला आहे हल्ली? जंगलात जोडी केंद्रं निघाली होती. तिथं नाव नोंदवायचं, ते स्थळं दाखवणार. यमू हुशार होती. ती म्हणाली, "पक्षी काय, फसवतीलच. केंद्र विश्वासू निवडलं की झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून ती केंद्रं पारखायला निघाली.

पहिलं केंद्र कोल्ह्याचं. बाहेर मोठी पाटी.

"आजवर किती जोड्या जुळवल्या?" यमूनं विचारलं.

"सशांच्या चाळीस, तितरांच्या साठ," कोल्हा म्हणाला.

"कुणाची तक्रार?"

"एकाचीही नाही, ताई. इथं आलेला कुणी परत तक्रार करायला आलाच नाही." आणि त्यानं मिशा चाटल्या.

यमू तिथून उठली. म्हटलं ना, हुशार होती.

दुसरं केंद्र कावळ्याचं. स्थळं दिसायला एकाहून एक. पण प्रत्येकाच्या चित्रात पिसं मोराची. तिथूनही ती उठली.

तिसरं केंद्र तळ्याकाठी, कासवअण्णांचं. पाटी लहान. अण्णा सावकाश बोलणारे. त्यांनी जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं.

"मी जास्त काही म्हणत नाही बाई," अण्णा म्हणाले. "तीन गोष्टी स्वतः जाऊन तपासतो. चोच खरी आहे का, नाव खरं आहे का, झाड खरं आहे का. मग दाखला देतो. दाखला खोटा निघाला तर पाटी उतरवीन."

यमूला अगदी गहिवरून आलं. असं केंद्र शोधता शोधता महिना गेला होता.

आणि तो महिनाभर भिकू रोज उंबर आणून सातविणीवर ठेवत होता. यमू घरी नसायची. मग ती उंबरं वाया जाऊ नयेत म्हणून वरच्या फांदीवरचं शेकरू खायचं. शेकरू म्हणजे झुबकेदार शेपटीची मोठी खार. यमूचा शेजारच होता तो. चांगलं गुबगुबीत झालं शेकरू.

एकदा भिकू आणि यमूची गाठ पडली. ती म्हणाली, "तुम्ही अण्णांकडे नाव का नाही नोंदवत?"

"गेलो होतो," भिकू म्हणाला. "ते म्हणाले, टवका उडालेली चोच दाखल्याला चालत नाही."

"मग बघा. मी तरी कसा विश्वास ठेवू?"

भिकू म्हणाला, "खरंय." उंबर ठेवलं आणि गेला.

अण्णांच्या दाखल्यावर यमूचं लग्न तुरेराव नावाच्या धनेशाशी झालं. चोच अशी की ऊन पडलं तर डोळे दिपावेत. लग्नाला जंगल लोटलं होतं. सगळे बघत होते तोवर तुरेरावांनी सातविणीच्या ढोलीला चिखल फार सुरेख लिंपला. तीन दिवस उंबरं आणली. चौथ्या दिवशी बघणारे आपापल्या कामाला गेले. तुरेरावही गेले.

पाचव्या दिवशी यमूनं चिरेतून हाक मारली. सहाव्या दिवशीही मारली. आत दोन अंडी होती आणि तिची पिसं गळायला लागली होती. मावशी धडपडत एक जांभळाएवढं काहीतरी घेऊन आली, पण म्हाताऱ्या पंखांना रोज ते जमेना.

सातव्या दिवशी झाडाखाली कोल्हा येऊन बसला. "ताई, लिंपण फोडा आणि खाली उडी मारा," तो प्रेमानं म्हणाला. "आमच्याकडे दुसऱ्या खेपेला नोंदणी फुकट आहे."

त्याच्यामागून अण्णा आले. ते आपले नेमानं चौकशीला आले होते. "यमूबाई, आमच्या केंद्राला पाचांपैकी किती पानं द्याल?"

"अण्णा, ते आले नाहीत हो! तीन दिवस पोटभर घास नाही."

अण्णांनी विचार केला. "चोच खरी होती का?"

"होती."

"नाव?"

"होतं."

"झाड?"

"होतं."

"तो येईल, असं दाखल्यात कुठं आहे?" अण्णा म्हणाले. मग त्यांना वाईट वाटलं, कारण मनानं ते खरंच चांगले होते. "तरी मी जातो. स्वतः तपासून येतो."

ते गेले आणि त्यानंतर नवव्या दिवशी परत आले. कासवच ते.

"तपासलं," खालून त्यांनी सांगितलं. "तुरेराव दाखल्यातल्या त्यांच्या झाडावरच आहेत. पत्ता बरोबर निघाला."

या नऊ दिवसांत यमू मेली नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. अण्णा गेले त्याच संध्याकाळी चिरेतून एक उंबर आत आलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. चिरेतून चेहरा दिसत नाही, मुलांनो. चोचीचं टोक तेवढं दिसतं. त्या टोकाचा टवका उडालेला होता.

यमू आत बसून खूप वेळ रडली. मग म्हणाली, "तुम्ही कशाला आलात?"

बाहेरून आवाज आला, "सवय लागली होती. उंबर खा. गोड आहे."

वैशाख सरताना लिंपण फुटलं. यमू बाहेर आली, नव्या पिसांची. मागून दोन पिल्लं. जंगल पुन्हा लोटलं. कासवअण्णा दोन दिवस आधीच निघाले होते म्हणून वेळेवर पोचले.

"आता पानं किती?" त्यांनी विचारलं.

यमूनं भिकूकडे पाहिलं, मग अण्णांकडे. खोटं बोलावं असं तिला वाटेना. "पाच," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते सगळं खरं निघालं."

अण्णांच्या पाटीखाली आता नवी ओळ आहे: यमूबाई सुखी आहेत. तळ्याकाठी रांग लागते. तुरेरावांचा दाखलाही दुसऱ्या खेपेला निघाला आहे. चोच खरी, नाव खरं, झाड खरं.

तात्पर्य: जोडीदार कसाही निघो, केंद्र मात्र विश्वासू निवडावं. भिकूला हे अजून कळलेलं नाही. तो उंबरं आणतो आणि पिल्लांना भरवतो. परवा सकाळी तो फांदीवर टेकला, तेव्हा शेजारच्या शेकरूनं आपलं पोट सावरत त्याला काळजीनं सांगितलं, "भिकूभाऊ, रोज येतोस ते ठीक आहे रे. पण तुझी खात्री कोण देणार?"