व्याही दारात, मी गोधडीत

कापसातलं मला कोणी शिकवू नये! सारी हयात मी अकोल्याच्या जिनिंगमध्ये काढली. कापूस चिमटीत धरला की तो तेल्हाऱ्याचा की नांदगावचा, हे डोळे मिटून सांगायचो. चुकलो तरी समोरच्याला पटवायचो! तेव्हा नातीच्या बारशाची गोधडी मीच शिवणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

"आत जुनं लुगडं घाला," बायको दुर्गाबाई म्हणाली. "लेकराले मऊ लागते, अन् सुईबी सुरसुर जाते."

"कापसाच्या मुलखात चिंध्या? व्याही काय म्हनतीन?"

व्याही म्हणजे वरूडचे वामनराव. संत्र्याच्या बागा, आणि मानपानाला भारी जपणारा माणूस! त्यांच्यापुढे मान खाली जायला नको, म्हणून मी पहिल्या प्रतीचा पिंजलेला कापूस आणला आणि ठासून भरला. गोधडीची गादी झाली! साधी सुई आत शिरली की बाहेर यायचं नाव घेईना. शेवटी पोती शिवायचा दाभण काढला, गोधडी मांडीवर ओढली आणि जोर लावून टाके घातले. काय झरझर शिवत होतो म्हणून सांगू!

तेवढ्यात दारात वामनराव! बारशाच्या आदल्या दिवशीच!

मी उठायला गेलो आणि धपकन खाली बसलो. गोधडी माझ्या लुंगीला पक्की शिवली गेली होती! जरा उठलं की गोधडीच्या वजनानं लुंगीची गाठच सुटायची.

"या, बसा!" मी बसूनच हात जोडले.

वामनरावांचा चेहरा आंबट झाला. "काहून जी, व्याह्यासाठी उठाचंबी जीवावर येऊन राहिलं काय? जातो मी वापस!"

"बाबा, उठा ना!" आमची लेक माधवी रडकुंडीला आली. सासऱ्यांकडे बोट करत म्हणाली, "मामाजी चालले न!"

आता कसली लाज? मी ओरडलो, "अवो थांबा! मी शिवल्या गेलो!"

वामनराव वळले, वाकून पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. दुर्गाबाईनं कात्रीनं लुंगी कापून मला सोडवलं, व्याह्यांनी आपला शेला माझ्या कमरेला गुंडाळला. मग तिनं मूठमूठ कापूस उपसला, लुगडं अंथरलं आणि संध्याकाळपर्यंत गोधडी बारीक टाक्यांनी सजवली. माझ्या लुंगीचा तुकडा मात्र तिनं उसवला नाही.

बारशाला नातीनं भोकाड पसरलं. गोधडी उलटी केली, तर लुंगीच्या तुकड्यावर गाल टेकवून ती गुडूप झोपली! मला किती आनंद झाला!

"भलतंच मऊ हाय जी!" विहीणबाई म्हणाल्या. "कापूस कोणता?"

"पहिल्या प्रतीचा!" मी छाती काढून सांगितलं.

वामनरावांना ठसका लागला. पण खोटं काय होतं त्यात? लुंगी कापसाचीच होती, फक्त दहा वर्षं धुतलेली!