डबी कामठ्याला गेली

ईश्वरदास बारा वर्षं बायकोला एकच सांगत होते, "तुह्या मिरचीनं माही छाती जळते." भाजी फिकी झाली तरी तक्रार गेली नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या अन्ननलिकेत गोळीएवढं यंत्र चिकटवलं. आम्ल वर आलं की ते मोजणार आणि कमरेच्या डबीला कळवणार. डबी दोन दिवस हाताच्या अंतरावर ठेवायची, लांब गेली की ती वाजणार; जळजळ झाली की बटण दाबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारातून कुडवा गावातल्या घरी आले. पट्टा टोचत होता म्हणून त्यांनी डबी काढून स्कूटरला लटकवलेल्या पिशवीत टाकली आणि अंघोळीला गेले. तेवढ्यात शेजारचा नंदलाल त्यांच्या बायकोकडून, कुंदाबाईंकडून, चावी घेऊन स्कूटरवर कामठ्याला बहिणीकडे निघून गेला.

"अवं, माही डबी कुठी हाय?"

"स्कूटरवर असन. स्कूटर कामठ्याले गेली जी."

"डबी कामठ्याले आन पोट इथंच?"

ऑटो करून ईश्वरदास कामठ्याला पोचले. नंदलाल ओसरीवर डबी मांडीवर घेऊन बसला होता.

"भाऊ, सारखी वाजून राहिली होती. बटन दाबून दाबून चूप करून राहिलो."

"किती डाव दाबलं?"

"वीस-बावीस डाव."

ईश्वरदासांनी कपाळाला हात लावला. नंदलालच्या बहिणीनं मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याची भाजी लालभडक होती. हा चांगला पुरावा होईल, असं मनात म्हणत त्यांनी डबी कमरेला बांधली, बटणावर बोट ठेवलं आणि दोनदा भाजी वाढून घेतली. जळजळीची वाट पाहत ते तासभर बसले. ती आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला.

"आम्ल फारसं वर येतच नाही. तिखटाचा संबंध दिसत नाही. पण सकाळी बावीस वेळा जळजळ?"

"ती नंदलालची," ईश्वरदास पुटपुटले.

परतीच्या गाडीत तुमसर गेल्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "बारा वर्सं मीबी फिकंच खाऊन राहिली. दोन चुली कोन पेटवन?"

हे ईश्वरदासांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुले काय आवडे वं?"

कुंदाबाई खिडकीबाहेर पाहत आठवत राहिल्या. तिरोडा गेल्यावर त्यांना आठवलं. "लाखोरीच्या दाळीचे वडे. लसून-मिरची घातलेले."

"मलेबी लय आवडत."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तुमी मांगान म्हनूनच तर करनं सोडलं."