कच्चा सुरण

आमचे शेजारी रहांगडालेकाका माणसाचे पाय बघून त्याच्या हातात बियाणं देतात. तोंड नंतर बघतात, नाव विचारायचं तर कधी कधी राहूनच जातं.

गोंदियाच्या स्टेशनावर झोपणारी, घर नसलेली तरुण पोरंपोरी काका घरी आणतात. मागच्या दोन खोल्या त्यांच्या आणि घरामागची सांदवाडीही त्यांचीच. भाजी त्यांनी पिकवायची, त्यांनीच विकायची. काकांचा फक्त हुकूम! शांत बसणाऱ्याला मेथी, पाय सारखे हलवणाऱ्याला वाल. "वेल मांडवावर चढवता चढवता पोट्टा बी गुंतते," हा त्यांचा सिद्धांत. मी एकदा हौसेने गेलो, तर म्हणाले, "मास्तर, तुमी काऊन आले? तुमाले घर हाये न? मंग पाणी भरा." तेव्हापासून मी पाणी भरतो.

सुनील आला उन्हाळ्यात. एकोणीस वर्षांचा, कुठेच आठवडाभर न टिकलेला. काकांनी त्याचे पाय बघितले आणि थेट सुरण लावायला दिला. सुरण महिनोन्‌महिने जमिनीत बसतो. पानं पिवळी पडून आडवी झाली की खणायचा. "हा निघेपर्यंत राय. मंग जा कुठं जाचा तं."

सुनील अधूनमधून माती उकरून बघायचा आणि काकांच्या शिव्या खायचा. पण राहिला. त्याचा हात असा बसला, की सडक अर्जुनीच्या एका रोपवाटिकेने त्याला काम आणि राहायला खोली देऊ केली. आम्ही पेढे आणले. काका म्हणाले, "सुरण अजून कच्चा हाये."

दिवाळी आली. पानं केव्हाच लोळली होती. "कच्चाच हाये," काकांचा हेका. तिकडे रोपवाटिकेवाला फोनवर फोन करत होता. या आठवड्यात आला नाहीस तर दुसरा माणूस ठेवतो, म्हणाला.

शेवटी सुनील काकांजवळ जाऊन बसला. "काका, पानं सुकून गेले. मले बी दिसते न."

एरवी काका झोपेतही ओरडूनच बोलतात. आता हळूच म्हणाले, "मेथीवाले गेले, वालवाले गेले. एक बी पोट्टा फिरून आला नाई रे."

"मी येतो न बाप्पा! दर आईतवारी. हा सुरण संपेपर्यंत."

त्याच दिवशी सुरण खणला. दोन हातांत मावेना. दुसऱ्या दिवशी सुनील कामावर गेला.

आता दर रविवारी तो बसने येतो, सगळी पोरं पंगतीला बसतात आणि काका सुरणाची बोटभर फोड कापतात. "सुरण लय खाजरा रायते, जास्त खाऊ नाई," असं सगळ्यांना बजावतात. संक्रांत होऊन गेली, अर्ध्याहून जास्त सुरण अजून शिल्लक आहे.