एकसारखे शॉट

विश्वजीतने नवे एडिटिंग सॉफ्टवेअर घेतले, त्याला अकरा दिवस झाले होते. या अकरा दिवसांत त्याने एकही लग्न एडिट केले नाही. तो सेटिंग करत होता. पडद्याचा रंग त्याने आधी काळा केला, मग निळसर काळा, मग पुन्हा काळा. डावीकडची बटणे उजवीकडे नेली. क्रांती चौकातल्या त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आले, की तो मान न वळवता म्हणे, "दोन मिनिट. प्रेफरन्स चालूय."

"पेरणी सोडून नुसतं औतच पुसत बसलात तुम्ही," दुकानात अल्बमचे काम बघणारी त्याची बायको मंजुषा म्हणाली.

"तुला नाय कळायचं, मंजू. एकदा सेटिंग लावली की सगळं मशीन करतंय. आपण फक्त चहा प्यायचा."

त्याने लावलेल्यांपैकी दोन सेटिंग नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी, की एकसारखे शॉट दिसले तर त्यातला एक ठेवायचा आणि बाकीचे काढून टाकायचे. दुसरी अशी, की फिल्म तयार झाली की मूळ शूटिंग पुसून जागा मोकळी करायची. दोन्ही शहाण्या माणसांनी विचार करूनच बनवलेल्या होत्या. फक्त त्या माणसांनी फुलंब्रीकडचे लग्न पाहिलेले नव्हते.

कारभारीमामांच्या मुलीचे, योगिनीचे लग्न हे या सॉफ्टवेअरवरचे पहिले काम. विश्वजीतने बटण दाबले, चहा प्यायला, आणि फिल्म न बघताच पेनड्राइव्हवर घालून दिली. बघायची काय गरज? सेटिंग लावलेली होती.

मामांनी अंगणात पडदा बांधला आणि लग्नात ज्यांचा सत्कार केला होता, त्या एकशे बारा पाहुण्यांना बोलावले. लग्न सगळ्यांनी पाहिलेच होते. ते आले होते स्वतःचा सत्कार बघायला. पडद्यावर माईकवाल्याने नाव पुकारले, पहिल्या पाहुण्याच्या गळ्यात टॉवेल पडला, डोक्यावर टोपी बसली, टाळ्या झाल्या. आणि लगेच मंगलाष्टके सुरू झाली.

एकशे बारा वेळा तोच टॉवेल, तीच टोपी, तेच हात जोडणे. मशीनने एक ठेवला आणि एकशे अकरा काढून टाकले.

जो राहिला, तो रामहरी होता. साखरपुड्यात आपला नंबर चौथा लागला म्हणून न जेवता निघून गेलेला मामांचा चुलतभाऊ. लग्नात मामांनी त्याला मुद्दाम पहिला ठेवला होता.

"बरोबर हाय," रामहरी मांडी बदलत म्हणाला. "खरा पाहुणा कोण, ते मशीनलाबी कळतंय."

पाहुण्यांतले आप्पासाहेब उठले आणि त्यांच्यामागे सगळी रांग उठली. "कारभारी, वीस दिवसांनी तुझ्या पोराचं, माऊलीचं लग्न हाय ना? रामहरीलाच बोलव. अक्षता त्यो एकटाच टाकंल."

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच दुकानात हजर.

"विश्वजीत, माझ्या पोराच्या मांडवात आता कुत्रंबी यायचं नाय. माणसं परत घाल आत."

"मामा, मूळ शूटिंग पुसलं गेलंय."

"कुणी पुसलं?"

"सेटिंगनं."

"त्यो कोण? बोलव त्याला बाहीर!"

मंजुषाने विश्वजीतकडे बोट दाखवले.

एकच उपाय उरला. पुन्हा सगळ्यांना बोलवायचे आणि पुन्हा सत्कार करायचा. निरोप जाताच रुसलेले एकशे अकरा जण झाडून आले, लग्नातलेच कपडे घालून. टॉवेल-टोपी मात्र निम्म्यांकडे नव्हती. ती एव्हाना दुसऱ्या लग्नांत दुसऱ्यांच्या अंगावर चढली होती. मग एकच टॉवेल आणि एकच टोपी सगळ्यांना आळीपाळीने घालायचे ठरले. यावेळी कोणी घाई केली नाही. टॉवेल गळ्यात पडला की जो तो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राही. आप्पासाहेबांनी तर उजवी बाजू चांगली येत नाही म्हणून सत्कार दोनदा करून घेतला. रामहरीही रांगेत होता.

"तुमचा झालाय की, काका," विश्वजीत म्हणाला.

"झाला म्हणून काय झालं? समद्यांचा नवा, माझा जुना व्हय?"

विश्वजीतने दुकानात येऊन एकेक सेटिंग बंद केली. अकरा दिवसांचे काम पाऊण तासात उतरले. मग चहा न पिता, हाताने, त्याने सगळे सत्कार जोडले. ते भरले पावणेतीन तास. पेनड्राइव्हवरचे लग्न आणखी दोन तासांचे. मामा बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आमच्याकडं लाईट सात ते दहाच असती. तीन तासात बसव."

"मग काहीतरी कापावं लागंल, मामा. आप्पासाहेबांचा दुसरा सत्कार कापू?"

"माऊलीचे मामेसासरे हायेत ते! हात लावू नको."

"रामहरीकाका?"

पडद्यावर माणसांची रांग सरकत होती, आणि मामा प्रत्येकाकडे बघून मान हलवत होते. हा नाय. ह्योबी नाय. रांग संपली.

"कापायचं काय मग?" विश्वजीतने विचारले.

"लग्न काप."

"आणि योगिनी?"

"ती घरची हाय," मामा उठत म्हणाले. "ती कशाला रुसती?"