अढीला हात लावायचा नाय

"कोनी दाबला?"

सकाळी सहा वाजता गोवर्धन बेडरूमच्या दारात उभे राहून गरजले आणि हॉलमध्ये लादीवर घामाघूम झोपलेली तीन माणसं उठून बसली. बायको पुतळा, मुलगा भावेश आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली नात रुतिका. सून शहाणी, ती केव्हाच माहेरी सटकली होती.

करावे गावातल्या त्यांच्या चार मजली इमारतीमागे जुन्या वाडीतलं एकच आंब्याचं झाड उरलं होतं. त्याचे चाळीस आंबे गोवर्धननी बेडरूममध्ये पलंगाखाली पेंढ्यात पिकत घातले होते. अढीला ऊब लागते, म्हणून एसी बंद. अढीला शांतता लागते, म्हणून माणसं बाहेर. कपाटही आतच अडकलेलं, त्यामुळे भावेश पाच दिवस एकच शर्ट धुऊन ऑफिसला जात होता. उन्हाळ्यातलं गावाकडचं साधं सुख म्हणून लोक ज्याचे गोडवे गातात, ते या घरात असं चाललं होतं.

पहिली अढी लेकीच्या सासरी, सारसोळ्याला पाठवायची, ही घरातली रीत. गेल्या वर्षी ते आंबे दाबून दाबून काळे पडलेले निघाले, आणि व्याही देवजी दहा माणसांत म्हणाले, "आंबे गोड होते, पन कुस्ती खेलून आलेले." गोवर्धनना ते इतकं लागलं, की त्यांनी सगळा दोष भावेशवर ठेवला आणि दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. आज अक्षय्य तृतीया होती. संध्याकाळी आंबे पोचवायचे होते, आणि चाळीसपैकी एकोणतीस आंब्यांना देठाजवळ खळगे पडले होते.

"आवाज काढू नको," ते भावेशवर खेकसले. "गेल्या वर्षी पन तूच."

"मी आत पाय नाय ठेवला. ऑफिसात विचारतात, तुला दुसरा शर्ट हाय का नाय म्हनून."

"अवो, चावी तुमच्या कमरेच्या करगोट्याला," पुतळा म्हणाली. "आमी काय भिंतीतून जानार?"

"मी झोपलो का काढत असाल. म्हनून तर मी तासातासाला आत जाऊन बघतो."

"आजोबा, पोलीस ठसे घेतात ना, तसं करू," रुतिका म्हणाली. "खळग्यात सगळ्यांनी अंगठा ठेवायचा. ज्याचा बसला तो चोर."

गोवर्धनना ही युक्ती फार आवडली. त्यांनी सगळ्यांना ओळीत बसवलं. पुतळाचा अंगठा खळग्यात हरवला. भावेशचा लांबट निघाला. रुतिकाचा तर नखाएवढाच.

"म्हंजी बाहेरचा मानूस हाय," गोवर्धन दात खात म्हणाले.

"तुमचा राहिला," रुतिका म्हणाली.

विसाव्या वर्षी होडीचा नांगर पडून गोवर्धनचा उजवा अंगठा चेपला होता. तेव्हापासून तो पळीसारखा पसरट आणि थोडा डावीकडे वळलेला. त्यांनी तो रागारागाने खळग्यावर टेकवला. तो तिथे इतका बरोबर बसला, की त्यांना तो लगेच उचलताही येईना.

कोणी हसलं नाही. पाच रात्री उकाड्यात काढलेल्या माणसांना हसू येत नाही.

"मी दाबत नव्हतो," गोवर्धन म्हणाले. "कोनी दाबलाय काय, ते बघत होतो."

"दाबून?" पुतळाने विचारलं.

"त्याशिवाय कलनार कसं?"

"आनि गेल्या वर्षी?" भावेशचा आवाज चढला. "दोन महिने बोलला नाय माज्याशी."

"ते राहू दे आता."

"का म्हनून राहू दे?"

गोवर्धनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुतळाने हात पुढे केला आणि त्यांनी करगोट्याची चावी सोडून तिच्या हातावर ठेवली. तिने धड अकरा आंबे पिशवीत भरले, बाकीचे रसाला काढले, एसी लावला आणि मुलाला, नातीला आत घेऊन दार लावून घेतलं. गोवर्धन संध्याकाळपर्यंत लादीवर बसून होते.

सारसोळ्याला ते एकटेच गेले. देवजींनी पिशवी घेतली, वरचाच आंबा उचलला आणि गोवर्धनच्या डोळ्यांदेखत त्याच्या देठाशी अंगठा रोवला. गोवर्धन अर्धे उठले. पण व्याह्यावर ओरडायचं कसं, म्हणून ओठ आवळून पुन्हा बसले.

"यंदा कुस्ती नाय झाली, व्याही," देवजी म्हणाले. "झकास पिकलाय."

वर्षभर ज्या शब्दासाठी जीव टांगला होता, तो मिळाला होता. पण गोवर्धनना तो नीट ऐकूही आला नाही. त्यांची नजर त्या अंगठ्यावर होती.

घरी येईपर्यंत ते धुमसत होते. "दाबला त्यानी," चपला काढता काढता ते पुतळाला म्हणाले. "माज्यासमोर दाबला."

"कितीदा?"

गोवर्धननी जरा आठवून पाहिलं.

"एकदाच," ते म्हणाले. "मानूस चांगला हाय."